चंद्रावरचं बोलणं जपानीत आणणारा दुभाष्या

२१ जुलै १९६९. जपानमध्ये सकाळचे ११ वाजून ५६ मिनिटं झाली होती. आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं आणि एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या प्रेक्षकांना तिथलं बोलणं निशियामा सेन यांच्या तोंडून जपानीत ऐकू आलं. तोवर दुभाष्या म्हणजे काचेमागचा माणूस. निशियामा पडद्यावर दिसले आणि लोकांना हा धंदा असतो हे कळलं.

जन्म १९११चा, सॉल्ट लेक सिटीतला. युटा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी, युद्धानंतर टोकियोत अमेरिकी दूतावासात राजदूत रायशॉर यांचे दुभाषी, पुढे सोनी. यातली अभियांत्रिकी मला सगळ्यात मोलाची वाटते. चंद्राहून आवाज यायला १.३ सेकंद लागतात, वर खरखर, आणि मधूनमधून ह्यूस्टनहून दूरचे ट्रान्समीटर चालू-बंद करणारी पाव सेकंदाची 'पीप'. यान उतरताना उंचीचे आकडे वाचले जात होते, त्यातच '१२०२' आला. तो संगणकावर ताण आल्याचा इशारा होता. ज्याला हे माहीत नाही तो त्याचे फूट करून मोकळा होईल.

चंद्रावर पाऊल टाकताना आर्मस्ट्राँग म्हणाला, 'हे एका माणसाचं छोटं पाऊल, पण मानवजातीची मोठी झेप.' मूळ इंग्रजीत 'मॅन'च्या आधीचा 'एक' या अर्थाचा 'अ' कुणाला नीट ऐकूच आला नाही. 'अ' गेला की 'माणूस' आणि 'मानवजात' यांत फरक उरत नाही. असं आर्टिकल, म्हणजे नामाआधीचा 'अ' किंवा 'द', जपानीत नाही, मराठीतही नाही. 'एका माणसासाठी' म्हणायचं तर तो 'एक' दुभाष्यानेच घालायचा, तोही वाक्य संपायच्या आत ठरवून.

क्रियापद शेवटी येणं हे जपानीचं आणि मराठीचं सारखंच दुखणं. इंग्रजीत नकार आधी कळतो, आपल्याकडे 'नाही' शेवटी. लांब वाक्य धरून बसलं की दम संपतो, 'नाही' गळतो आणि अर्थ उलटा होतो. म्हणून वाक्य तोडायचं: 'उतरायची परवानगी अजून नाही. कारण असं की…' ऐकायला थोडं ओबडधोबड लागतं, पण चूक होत नाही.

आकड्यांचं वेगळंच. पृथ्वी ते चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर. इंग्रजी हजारात मोजते, जपानी दहा हजारांच्या गठ्ठ्यात (३८ गठ्ठे आणि ४ हजार), आपण लाखात. शिवाय 'चौऱ्याऐंशी'त चार आधी आणि ऐंशी मागून, म्हणजे पूर्ण आकडा ऐकल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आकडा कानावर पडताच कागदावर उतरवणं हाच उपाय. शेजारी बसलेल्या जोडीदाराने लिहून सरकवला तर उत्तम. दोघे साधारण २० ते ३० मिनिटांनी आळीपाळीने बोलतात, त्यापुढे चुका वाढतात आणि दुभाष्याला स्वतःला त्या जाणवतही नाहीत.

हेडफोन एका कानावरून थोडा सरकवलेला हवा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. खोकल्यासाठी माईक बंद करायचं बटण हाताशी.

१९८७ मध्ये एनएचकेचं उपग्रह प्रक्षेपण चोवीस तास झालं, १९९१ च्या आखाती युद्धात थेट अनुवादाची गरज आणखी वाढली. थोडी उसंत असली की बातमी आधी बघून, टिपणं काढून मग बोलतात. इथे दुभाष्याला निवेदकाचं कसबही लागतं. मूळ वक्त्याचे पहिले एकदोन शब्द ऐकू द्यायचे, मग त्याचा आवाज खाली घेऊन आपण सुरू करायचं आणि त्याच्या किंचित आधी थांबायचं. जपानी बातमीवाचनाचा अंदाज मिनिटाला सुमारे ३०० अक्षरांचा. मजकूर त्यात बसत नसेल तर विशेषणं आधी कापायची. नावं आणि आकडे शेवटपर्यंत ठेवायचे.