तुम्ही विचारलंत म्हणून: अंधारयुगातलं पान

घरी आलेलं माणूस पुस्तकांचं कपाट बघतं आणि विचारतं, "तुम्ही जन्मभर मराठी प्रुफं तपासलीत. मग हे मध्ययुगीन युरोपचं वेड कुठून लागलं? तो काळ म्हणजे तर अंधारयुग ना?"

उत्तर जरा लांब आहे, आणि ते माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीपासून सुरू होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका प्रकाशकाचं इतिहासाचं गाइड माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात एक वाक्य होतं. रोमन साम्राज्य कोसळल्यावर युरोपात हजार वर्षं ज्ञानाची प्रगती थांबली, म्हणून त्या काळाला अंधारयुग म्हणतात, असं काहीसं. त्यातल्या एका शब्दाची वेलांटी चुकली होती. ती मी दुरुस्त केली आणि पान उलटलं. वाक्यच चुकीचं असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. ते पाठ करून किती मुलं परीक्षेला बसली असतील, याचा विचार आजही मला छळतो.

पुढे मी मोडी शिकायला लागले. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही. 'हातगाडीवरठेवा' असं आलं, की सामान हातगाडीवर ठेवायचं की हात गाडीवर ठेवायचा, हे मागच्यापुढच्या मजकुरावरून ताडायचं. मराठी माझी मायबोली, तरी एकेका पत्राला तास तास लागायचा. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की दोन शब्दांमधली मोकळी जागा काही आपोआप आलेली नाही. ती सोडायला कुणीतरी कधीतरी सुरुवात केली असणार.

लॅटिनपुरतं त्याचं उत्तर सापडलं ते आयर्लंडच्या मठांत, सातव्या-आठव्या शतकात. उत्तरकाळातले रोमन लोक सलग लिहीत. वाचणारा ती भाषा ऐकत वाढलेला असे, मोठ्याने वाचलं की शब्द त्याच्या कानाला कळत. आयरिश भिक्षूंना मात्र लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकांतून, कष्टाने शिकावी लागली होती. त्यांना सलग ओळ उलगडेना, म्हणून त्यांनी शब्द सुटे केले. गाइड म्हणत होतं त्या थांबलेल्या प्रगतीच्या ऐन काळातली ही गोष्ट.

मग मला फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याची ७८९ सालची राजाज्ञा भेटली. तिच्यात तो म्हणतो, मुलांसाठी शाळा काढा. स्तोत्रं, गायन, कालगणना, व्याकरण शिकवा आणि धर्मग्रंथ नीट दुरुस्त करून घ्या. कारण पुष्कळदा लोकांना देवाची प्रार्थना चांगली करायची असते, पण पुस्तकं अशुद्ध असल्यामुळे ती वाईट होते. शुभवर्तमानाची नक्कल करायची असेल तर ती जाणत्या वयाच्या माणसांनी, पूर्ण लक्ष देऊन करावी. मी हे वाचलं आणि खुर्चीतून उठले. बाराशे वर्षांपूर्वीचा एक राजा शुद्ध प्रतीसाठी हुकूम काढतो! आणि त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, की तो उशाखाली पाट्या ठेवायचा आणि सवड मिळाली की अक्षरं गिरवायचा. फार उशिरा सुरुवात केल्यामुळे ते काही त्याला जमलं नाही.

त्याचा सल्लागार अल्क्विन हा इंग्लंडमधल्या यॉर्कचा. ७९६ पासून ८०४ साली मरेपर्यंत तो फ्रान्समध्ये तूरच्या मठाचा प्रमुख होता. लेखनिकांच्या खोलीसाठी त्याने ओळी रचल्या: विरामचिन्हं जागच्या जागी द्या, म्हणजे वाचणारा चुकीचं वाचणार नाही, द्राक्षवेलींसाठी खणत बसण्यापेक्षा ग्रंथ लिहिणं बरं. या काळात जी लिपी रुळली तिची अक्षरं लहान, गोल, सुटी आणि स्वच्छ आहेत. लिहायचं ते कातड्यावर. तूरच्या एकेका मोठ्या बायबलला दोनशेवर मेंढ्या लागत. आणि लिहिणारा शेवटी कोपऱ्यात लिहून जाई: तीन बोटं लिहितात, पण राबतं सगळं अंग. आपल्या पोथ्यांच्या शेवटी 'भग्नपृष्ठकटिग्रीवा' हा श्लोक असतो. पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिलंय, जपून ठेवा. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार, पण दुखणं एकच.

त्या कष्टांमुळे काय वाचलं? सीझरने गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धाबद्दल लिहिलेल्या ग्रंथाच्या आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या प्रती नवव्या शतकातल्या आहेत. लुक्रेशियस तर देवाची भीती बाळगू नका असं सांगणारा रोमन कवी. त्याचीही नक्कल याच ख्रिस्ती जगाने करून ठेवली. त्यातली एक प्रत हॉलंडमध्ये लायडनला आहे. डुंगाल नावाच्या आयरिश माणसाने ती तपासली, चुका दुरुस्त केल्या, गाळलेल्या ओळी भरल्या. संगणकावर मी ती पानं मोठी करून पाहिली. मूळ लेखनिकाच्या शाईवर दुसऱ्या हाताची ती दुरुस्ती दिसली आणि माझे डोळे भरून आले. हा माझ्या धंद्याचा माणूस.

चौदाव्या शतकात इटालियन कवी पेत्रार्काने मधल्या काळाला अंधार म्हटलं. पुढे १४००च्या सुमारास इटलीतल्या विद्वानांना शार्लमेनच्या काळात रुळलेल्या या लिपीतल्या, म्हणजे कॅरोलिंगियन लिपीतल्या, प्रती मिळाल्या. ती प्राचीन रोमन परंपरा समजून त्यांनी ती लिपी उचलली, तिला 'अँटिक्वा' म्हणजे जुनी असं नाव दिलं. व्हेनिसच्या मुद्रकांचे खिळे तिच्यावरूनच घडले, आणि आज इंग्रजी पुस्तकात आपण जी लहान अक्षरं वाचतो ती त्याच घराण्यातली.

तेराव्या शतकात बोलोन्या आणि पॅरिसच्या विद्यापीठांत ग्रंथ सुटे करून भाड्याने देत. आपल्या छापखान्याच्या भाषेत फर्मा फर्मा, म्हणजे थोड्या थोड्या पानांचा गठ्ठा. एकाने पहिला न्यायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि उतरवून झाला की परत आणून पुढचा घ्यायचा. एका मूळ प्रतीवर कितीतरी जण एकाच वेळी काम करत. या फर्म्यांची तपासणी व्हायची, अशुद्ध निघाला तर पुस्तकवाल्याला दंड. पॅरिसमध्ये डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या मठात सेंट-शेरच्या ह्यूच्या देखरेखीखाली भिक्षूंनी १२३०च्या दशकात अख्ख्या बायबलची शब्दसूची केली. ओव्यांना असतात तसे क्रमांक तेव्हा नव्हते, म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग मानून त्यांना अक्षरं दिली. तुम्ही पुस्तकाची शेवटची पानं उघडून सूचीत शब्द शोधता ना, त्यामागे अशी माणसं आहेत.

"म्हणजे अंधार नव्हताच म्हणता?" होता. त्याच पॅरिसमध्ये १२४२च्या सुमारास तालमूद या ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाची हस्तलिखितं गाड्या भरभरून जाळली. एकीकडे एकेका शब्दाचा ठिकाणा लिहून ठेवणारं शहर दुसरीकडे हे करत होतं. मला त्याचं समर्थन करायचं नाही, लपवायचंही नाही. पण हजार वर्षांवर एकच शब्द थापणं मला आता सहन होत नाही.

आणि हा माझ्या नाकावरचा चष्मा. तोही तेव्हाचाच, इटलीतला. १३०६ साली एका धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्समध्ये प्रवचनात सांगितलं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झाली नाहीत आणि ती काढणाऱ्या माणसाशी मी बोललोय. इटलीतच त्रेव्हीझोला १३५२चं एक भित्तिचित्र आहे, तोमासो दा मोदेना याने काढलेलं. त्यात शब्दसूचीवाला ह्यू डेस्कावर वाकून लिहितोय आणि डोळ्यांवर चष्मा आहे. ह्यू वारला १२६३ साली, चष्मा निघण्याच्या वीसेक वर्षं आधी. प्रुफात आलं असतं तर मी लाल गोल केला असता. चित्रातला तो चष्मा मात्र मला तसाच हवा. त्या चित्राची एक छापील प्रत टेबलावर काचेखाली ठेवली आहे, पुढच्या खेपेला आलात की बघा.