पौंड, बुशेल आणि आपला क्विंटल

कापूस वेचणीला आला की आमच्या जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातील भाव फिरू लागतात. हे भाव सरकी काढलेल्या रुईचे असतात, सरकीसह वेचलेल्या कापसाचे नव्हे, आणि ते अमेरिकी सेंटमध्ये, प्रतिपौंड सांगितलेले असतात. आपल्याकडे मात्र कापूस क्विंटलने मोजला जातो, जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव खंडीवर बोलला जातो आणि गाठ १७० किलोंची धरली जाते. अमेरिकेतील गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची असते. त्यामुळे ‘भाव पाच सेंटने वाढला’ ही बातमी गावात पोहोचते, पण त्या पाच सेंटचा आपल्या क्विंटलमागे काय परिणाम होऊ शकतो, हे फार थोड्यांना सांगता येते. बाकीचे व्यापारी सांगेल त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून हा हिशेब सविस्तर लिहीत आहे.

रुईची एक खंडी सुमारे ३५६ किलोंची, म्हणजे ७८४ पौंडांची. समजा भाव पौंडाला ७० सेंट असेल, तर खंडीची किंमत सुमारे ५४९ डॉलर होते आणि त्याला त्या दिवसाच्या डॉलरच्या दराने गुणले की रुपये मिळतात. एक क्विंटल कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि उरते ती बहुतेक सरकी, म्हणून सरकीचा भाव वेगळा मिळवावा लागतो आणि जिनिंगचा खर्च वजा करावा लागतो. प्रत, वाहतूक आणि आयात शुल्क यांमुळे हा आकडा इथल्या भावाशी तंतोतंत जुळणार नाही. तरीही सौद्याला बसताना तो आपल्या हातात असणे फार मोलाचे आहे.

मक्याचे प्रकरण अधिक अवघड आहे. शिकागोच्या बाजारात मका बुशेलवर विकला जातो. बुशेल हे मुळात आकारमानाचे माप. ज्याने पायलीने धान्य मोजलेले पाहिले आहे, त्याला यातील अडचण लगेच कळेल, कारण ज्वारीची पायली आणि भुईमुगाच्या शेंगांची पायली वजनाला सारखी भरत नाही. अमेरिकेने यावर तोडगा म्हणून प्रत्येक धान्याच्या बुशेलचे वजन ठरवून टाकले: मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा, सोयाबीनचा ६० पौंडांचा, ओटचा ३२ पौंडांचा. मक्याचा बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलो, म्हणून एका क्विंटलमध्ये जवळजवळ चार बुशेल बसतात. बुशेलला साडेचार डॉलर भाव असेल तर क्विंटलला सुमारे पावणेअठरा डॉलर पडतात.

मुलीकडे अमेरिकेत राहण्याचा योग आला, तेव्हा ही मापे केवळ बाजारात नाहीत, घराघरात आहेत, हे प्रत्यक्ष पाहिले. दूध गॅलनने, पेट्रोल गॅलनने, कापड यार्डाने, रस्ता मैलाने. पाककृतीत मैदा कपाने सांगितलेला असतो आणि भट्टीचे तापमान ३५० अंश फॅरनहाइट असते. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याचे वर्णन तिथल्या शेजाऱ्यांना करायचे तर ११३ अंश म्हणावे लागते, तेव्हा कुठे त्यांना त्याची कल्पना येते. मात्र त्याच दुकानात शीतपेयाची मोठी बाटली दोन लिटरची, वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची आणि औषधाची गोळी मिलिग्रॅमची असते. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर साखर आणि मेद ग्रॅममध्ये लिहिलेले असतात. दोन्ही पद्धती एकाच पिशवीतून घरी येतात.

अमेरिकेने मेट्रिक पद्धत नाकारली, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. १८६६ मध्येच तिथल्या काँग्रेसने या पद्धतीचा वापर कायदेशीर केला, १८७५ च्या मीटर करारावर अमेरिकेने सही केली आणि १८९३ पासून तिथला यार्ड व पौंड मीटर आणि किलोग्रॅमवरूनच ठरवले जाऊ लागले. १९५९ पासून एक यार्ड म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर आणि एक पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. म्हणजे पौंडाच्या पोटात किलोग्रॅमच आहे. पुढे १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मेट्रिक रूपांतराच्या कायद्यावर सही केली, पण त्यात बदल ऐच्छिक ठेवला गेला आणि त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळात, बंद झाले. ॲरिझोनातील टूसॉन ते नोगालेस या महामार्गावर किलोमीटरच्या पाट्या लावल्या गेल्या. एरवी देशभर मैलच राहिले. माझ्या मते सगळा अडसर त्या ‘ऐच्छिक’पणात होता. शेजारचा दुकानदार जुनेच माप वापरत असताना एकट्याने नवे माप घेणाऱ्याचे गिऱ्हाईक गोंधळते आणि नुकसान त्याचेच होते. असा बदल सगळ्यांनी एकदम केला तरच कोणाला जड जात नाही.

आपल्याकडे हा बदल ऐच्छिक नव्हता, सगळ्यांना सक्तीचा होता. वजनमापांचा कायदा १९५६ चा, दशमान नाणी १९५७ ची आणि किलोग्रॅमची वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. दुकानातील शेर आणि छटाक प्रत्यक्ष उचलले गेले आणि शिक्का मारलेली नवी वजने तागडीत आली. मला हे स्वतंत्र भारताच्या मोठ्या कामांपैकी एक वाटते आणि त्याची आठवण आपण फार कमी ठेवतो. अर्थात आपलाही कारभार पूर्ण बदललेला नाही. सातबारावर हेक्टर आणि आर असतात, बांधावर मात्र एकर आणि गुंठेच बोलले जातात. गुंठा १०१ चौरस मीटरचा आणि आर १०० चा असल्यामुळे ही गल्लत फारशी बाधत नाही. हतनूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांमध्ये, जाहीर होतो. हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो. याउलट ठिबक सिंचन आले ते नव्या मापांसह आले, म्हणून खेड्यातील अल्पशिक्षित शेतकरीही सोळा मिलिमीटरची नळी आणि तासाला चार लिटरचा ड्रिपर सहज बोलतो.

दोन मापे शेजारी नांदतात तोवर चालते. एकाचा आकडा दुसऱ्याचा समजून वापरला की घात होतो. १९९९ मध्ये मंगळाकडे निघालेले नासाचे यान अशाच कारणाने नष्ट झाले, कारण एका संगणकीय प्रणालीने आवेग, म्हणजे इंजिनाने दिलेला एकूण धक्का, पौंड-सेकंदांत दिला होता आणि दुसऱ्या प्रणालीने तो न्यूटन-सेकंद या मेट्रिक मापात आहे असे मानले. घरातले उदाहरण याहून जवळचे आहे. अमेरिकी पाककृतीतील मोठा चमचा लहान चमच्याच्या तिप्पट असतो, म्हणून औषध देताना लहानाऐवजी मोठा चमचा घेतला की बाळाला तिप्पट मात्रा जाते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये लहान मुलांची पातळ औषधे केवळ मिलिलिटरमध्येच सांगावीत, अशी स्पष्ट शिफारस केली.

आपल्या शिवारात हाच धोका कीटकनाशकाचा आहे. शिफारस कधी हेक्टरी असते, कधी दहा लिटर पाण्यासाठी असते, फवारणीचा पंप पंधरा किंवा सोळा लिटरचा असतो आणि शेतकरी बाटलीच्या झाकणाने औषध घेतो. हेक्टरची मात्रा एकरावर गेली तर ती जवळजवळ अडीचपट होते. ती पिकाला, मातीला आणि पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराला सोसावी लागते. प्रत्येक बाटलीसोबत मिलिलिटरच्या खुणा असलेले मापपात्र सक्तीने मिळावे आणि वेष्टनावर एकरी व पंपामागे किती मात्रा घ्यायची, हे दोन्ही आकडे ठळक मराठीत छापलेले असावेत. तोवर आपल्या गावातील प्रत्येक कृषी केंद्राने निदान ते बिलाच्या मागे लिहून द्यावेत, ही माझी कळकळीची मागणी आहे.