आमची वाटचाल : नवी पेठेतलं रिपेअरिंगचं दुकान

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं हे दुकान अण्णांनी आणि मी भागीदारीत काढलं. पुढची बरीच वर्षं बरी गेली. पण आम्ही टिकलो ते स्पेक्ट्रम नावाच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमुळे आणि बुडता बुडता वाचलो तेही त्याच्यामुळेच.

एका निवृत्त गणिताच्या सरांनी १९८२ सालच्या डिझाइनच्या त्यांच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची कीबोर्ड मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) आमच्याकडे बदलून घेतली होती. पुढे स्क्रीनवर नुसत्या उभ्या पट्ट्या यायला लागल्या, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून सेट दुसऱ्या दुकानात गेला. त्या मेकॅनिकने ४११६ चे, म्हणजे मेमरीचे, आठही आयसी उपटले, बोर्डावरचे ट्रॅक (तांब्याच्या रेघा) उचकटले, नवे आयसी टाकले, तेही मेले. मग गावभर सांगत सुटला की सेट आम्हीच जाळला! टीव्हीची गिऱ्हाइकंसुद्धा फिरकेनात. भाडं थकलं, अण्णांनी घरचं सोनं गहाण ठेवलं. तो माणूस दिसला की आजही माझं डोकं फिरतं.

सरांनी मात्र तो सेट आणून आमच्याच टेबलावर ठेवला.

अण्णांनी आधी मीटर लावलं. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात : +५, +१२ आणि -५. १२ चालू आणि -५ गायब असेल तर हा आयसी जगत नाही. मूळ दोष ते -५ तयार करणाऱ्या टीआर-४ ट्रान्झिस्टर आणि कॉइलमध्ये होता. तो तसाच ठेवून आयसी बदलणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. ट्रान्झिस्टर बदलला, कॉइल नव्याने गुंडाळली. अण्णांचा वितळलेलं टिन ओढून घेणारा पितळी डीसोल्डर पंप कसा चालतो ते बघत राहावं : टिन पातळ झालं की एक खटका, भोक स्वच्छ, पॅड जागेवर. तुटलेले ट्रॅक बारीक तारेने जोडून सॉकेट बसवले. सिंक्लेअर रिसर्चची ओळ उमटली तसे सर खुर्चीतून उठून अण्णांच्या पाया पडायला निघाले.

नव्या पोरांना सांगतो, सेट चालू झाला म्हणून लगेच बिल फाडू नका. ४८ के (किलोबाइट) मेमरीतली वरची ३२ के मेली तरी तो १६ के समजून सुरू होतो. २३७३२ आणि २३७३३ या मेमरीतल्या पत्त्यांवर पीक करा (म्हणजे बेसिकमधल्या PEEK ने तिथले आकडे वाचा), दुसरा आकडा २५६ ने गुणून पहिल्यात मिळवा. ६५५३५ आलं तर सेट पूर्ण, ३२७६७ आलं तर वरची मेमरी बघा.

सरांच्या ओळखीने आता बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटरही येतात, १९८४ च्या सरकारी 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात शाळांना मिळालेल्यांपैकी. त्यांच्या पॉवर सप्लायमधला जुना फिल्टर कॅपॅसिटर धूर निघण्याआधीच बदलून घ्या.