मेडिगॅपची तुलना कधी करावी: अमेरिकेतील निवृत्तीचा एक अनुभव

ऑक्टोबर उजाडला की कॅलिफोर्नियातील आमच्या टपालपेटीत विमा कंपन्यांची पाकिटे दाटीवाटीने येऊन पडू लागतात. दूरचित्रवाणीवर दर थोड्या वेळाने एखादा हसतमुख वृद्ध सांगत असतो की १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत आहे, आताच तुलना करा, आताच फोन करा. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी अनेकांची यावरून अशी समजूत झालेली आहे की निवृत्तांच्या सगळ्याच आरोग्य विम्यांची तुलना शरद ऋतूत करायची असते आणि या वर्षी जमली नाही तर पुढच्या वर्षी करता येते. ही समजूत अर्धीच खरी आहे: मेडिकेअर या सरकारी विम्याला जोड देणाऱ्या मेडिगॅप या खासगी पूरक विम्याला ती लागू पडत नाही. उरलेल्या अर्ध्या भागापायी माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना जे सोसावे लागले, ते पाहिल्यावर हे लिहून ठेवावेसे वाटले.

हे स्नेही ६५ वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे मूळ सरकारी मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणाऱ्या विम्याच्या प्रकारातील एक योजना घेतली. हप्ता जवळजवळ नव्हताच, दात आणि चष्मा यांसाठीही थोडी सोय होती आणि प्रकृती उत्तम असल्यामुळे डॉक्टरांच्या ठरावीक यादीबाहेर जाता येत नाही ही अट त्यांना जाचक वाटली नाही. एकाहत्तराव्या वर्षी हृदयाचा विकार निघाला आणि ज्या रुग्णालयात त्यांना उपचार घ्यायचे होते ते त्या यादीत नव्हते. नोव्हेंबर महिना होता, जाहिराती सुरू होत्या, म्हणून त्यांनी ॲडव्हान्टेज सोडून मूळ मेडिकेअर आणि तिच्या जोडीला मेडिगॅप घेण्याचे ठरवले. मूळ मेडिकेअरकडे परतायला हरकत नव्हती, परंतु मेडिगॅपच्या अर्जात हृदयविकाराचा प्रश्न होता आणि कंपनीने तो अर्ज नाकारला. तसे करण्याचा तिला कायद्याने अधिकार होता, कारण शरद ऋतूतील ती मुदत ॲडव्हान्टेज आणि औषधांच्या योजना बदलण्यासाठी असते; मेडिगॅपशी तिचा संबंध नाही.

भारतातील वाचकांसाठी थोडे मागे जाऊन सांगतो. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरील लोकांसाठीची सरकारी विमा योजना असून तिचा कायदा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने १९६५ साली झाला. तिचा भाग ए रुग्णालयातील वास्तव्यासाठी आणि भाग बी डॉक्टर, तपासण्या व बाह्य उपचारांसाठी असतो. सरकारी विमा म्हटल्यावर सगळे फुकट असेल असे आपल्याकडे वाटते, परंतु तसे नाही. २०२५ साली भाग बीचा हप्ता बहुतेकांना महिन्याला १८५ डॉलर होता. वर्षाच्या सुरुवातीची ठरावीक रक्कम (२०२५ साली २५७ डॉलर) स्वतः भरावी लागते आणि त्यानंतरच्या मान्य खर्चाचे २० टक्केही आपल्याच खिशातून जातात. रुग्णालयात दाखल झाल्यास आधी ठरावीक रक्कम (२०२५ साली १,६७६ डॉलर) भरायची असते, आणि ही वर्षातून एकदाच भरायची असेही नाही: रुग्णालय सोडून सलग ६० दिवस बाहेर काढल्यानंतर पुन्हा दाखल व्हावे लागले, तर ती रक्कम नव्याने भरावी लागते. मला सर्वांत चिंतेची वाटणारी गोष्ट अशी की त्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. कर्करोगाच्या उपचारांचे बिल दोन लाख डॉलर झाले, तर त्याचे २० टक्के किती होतात याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा.

हा खड्डा भरून काढणारा खासगी पूरक विमा म्हणजे मेडिगॅप. ॲडव्हान्टेज योजनांमध्ये वर्षभराच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, परंतु डॉक्टरांची यादी आणि पूर्वपरवानगीची बंधने येतात. मेडिगॅपमध्ये हप्ता जास्त पडतो, पण मेडिकेअर स्वीकारणाऱ्या देशभरातील कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते. दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. औषधांचा खर्च मेडिगॅपमध्ये येत नाही, त्यासाठी भाग डी वेगळा घ्यावा लागतो. दात, चष्मा, कानाचे यंत्र आणि दीर्घकाळची शुश्रूषा याही गोष्टी तिच्या बाहेरच राहतात.

तुलना करण्याची खरी वेळ कायद्याने ठरवून दिलेली आहे. आपले वय ६५ किंवा अधिक असून भाग बी ज्या महिन्यात लागू होतो, त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सहा महिने कोणतीही कंपनी मेडिगॅप नाकारू शकत नाही आणि आजारपणाच्या कारणाने हप्ताही वाढवू शकत नाही. ही मुदत दरवर्षी येत नाही. ती एकदाच येते आणि संपली की बहुतेक राज्यांत कंपनीला आपल्या प्रकृतीची पूर्ण छाननी करण्याची मोकळीक मिळते.

या नियमातील एक बारकावा आम्हाला फार उपयोगी पडला. सहा महिन्यांची मोजणी केवळ पासष्टाव्या वाढदिवसावरून होत नाही, तर भाग बी सुरू झाल्यावरून होते. मी ६८ वर्षांचा होईपर्यंत नोकरी केली. कंपनी मोठी होती आणि तिचा विमा आम्हा दोघांना होता, त्यामुळे मी भाग बी घेणे लांबवले. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नोकरीचा विमा चालू असताना असे लांबवल्यास उशिराचा दंड लागत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने मात्र काळजीपोटी ६५ पूर्ण होताच भाग बी घेऊन टाकला आणि नोकरीचा विमा असल्यामुळे मेडिगॅपचा विचारही केला नाही. त्याचे सहा महिने त्याच्या नकळत सुरू झाले आणि नकळतच संपले. याच्या उलट चूकही होते: नोकरी सुटल्यानंतर काही काळ स्वखर्चाने चालू ठेवता येणारा कोब्रा नावाचा विमा हा नोकरीचा विमा धरला जात नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर भाग बी लांबवणाऱ्याला पुढे प्रत्येक पूर्ण वर्षाच्या विलंबासाठी हप्त्यावर १० टक्के दंड बसतो आणि तो सहसा कायमचा राहतो.

मी जून २०२३ अखेर निवृत्त झालो आणि आमचा दोघांचा भाग बी १ जुलैपासून सुरू झाला, म्हणजे आमची मुदत १ जुलै ते ३१ डिसेंबर अशी ठरली. परंतु तुलनेला आम्ही एप्रिलमध्येच बसलो. पत्नीला मधुमेह आहे, मला रक्तदाब आहे. एकही महिना पूरक विम्याविना काढण्याची आमची तयारी नव्हती, आणि बऱ्याच कंपन्या भाग बी सुरू होण्याआधीच अर्ज घेतात. मेडिगॅप प्रत्येकाची स्वतंत्र असते, नवरा-बायकोची एकत्र मिळत नाही, म्हणून दोन वह्या केल्या. त्या तीन महिन्यांत घाई न करता जे प्रश्न विचारता आले, ते डिसेंबरात विचारता आले नसते असे मला आजही वाटते.

तुलना नेमकी कशाची करायची हे समजायला मला वेळ लागला. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाप्रमाणे पूरक विमा विकत असे आणि कशात काय मिळते हे वृद्धांना कळत नसे. १९९० च्या कायद्याने या योजना प्रमाणित झाल्या आणि त्यांना अक्षरांची नावे मिळाली. मॅसेच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्ये सोडली, तर प्लॅन जी म्हणजे सर्व कंपन्यांकडे तेच मूळ लाभ. त्यामुळे अक्षर ठरले की उरलेली तुलना किमतीची आणि कंपनीच्या वागणुकीची असते. ज्यांना मेडिकेअरचा हक्क १ जानेवारी २०२० रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना सी आणि एफ या योजना घेता येत नाहीत, म्हणून नव्याने येणाऱ्यांपुढे मुख्यतः जी आणि एन यांतील निवड असते. जीमध्ये भाग बीची ती वर्षाच्या सुरुवातीची रक्कम सोडली तर मेडिकेअरने मान्य केलेल्या उपचारांत जवळजवळ काहीच भरावे लागत नाही. एनचा हप्ता कमी असतो, परंतु डॉक्टरांच्या काही भेटींना २० डॉलरपर्यंत आणि दाखल न होता तातडीच्या विभागातून परतल्यास ५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. शिवाय मेडिकेअरचा दर न स्वीकारणाऱ्या डॉक्टरची १५ टक्क्यांपर्यंतची जादा आकारणी एन भरत नाही. पत्नीच्या भेटी वारंवार होतात म्हणून आम्ही दोघांसाठी जी घेतली.

किमतीत मात्र आजचा आकडा पाहून भागत नाही. काही कंपन्या वयाचा विचार न करता सर्वांना एकच हप्ता लावतात, काही विमा घेतेवेळच्या वयावर तो ठरवतात आणि काही दरवर्षी वाढत्या वयानुसार तो चढवत नेतात. तिसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षीचा हप्ता सर्वांत स्वस्त दिसतो आणि ऐंशीच्या घरात तोच डोईजड होतो. महागाईमुळे होणारी वाढ तिन्ही प्रकारांत वेगळी असतेच. आम्ही प्रत्येक कंपनीला मागील पाच वर्षांत हप्ता किती वाढला हे विचारले. काहींनी लगेच सांगितले आणि ज्यांनी टाळाटाळ केली त्यांची नावे आम्ही खोडली. प्रत्येक राज्यात ज्येष्ठांना आरोग्य विम्याबाबत मोफत सल्ला देणारा सरकारी अर्थसाहाय्याचा कार्यक्रम असतो, कॅलिफोर्नियात त्याला हायकॅप म्हणतात. तिथल्या समुपदेशक बाईंना काहीही विकायचे नव्हते, आणि आमच्या वह्यांतील दोन चुका त्यांनीच दाखवून दिल्या.

मुदत हुकलेल्यांसाठी काही वाटा उरतात, पण त्या अरुंद आहेत. ॲडव्हान्टेज योजनेने आपल्या परिसरातील सेवा बंद केली किंवा मेडिकेअरला जोड असलेला जुन्या नोकरीचा विमा बंद झाला, तर साधारण ६३ दिवसांत ठरावीक मेडिगॅप योजना प्रश्नावलीविना मिळू शकतात. ६५ व्या वर्षी प्रथमच ॲडव्हान्टेज घेतलेल्याला पहिल्या बारा महिन्यांत ती सोडून मेडिगॅपकडे येता येते. माझ्या स्नेह्यांना हे कुणी वेळेवर सांगितले असते तर पहिल्याच वर्षी त्यांनी शांतपणे पुनर्विचार केला असता. न्यूयॉर्क आणि कनेटिकट या राज्यांत वर्षभर केव्हाही नकाराविना मेडिगॅप मिळते. कॅलिफोर्नियात वाढदिवसाचा नियम आहे: ज्याच्याकडे आधीच मेडिगॅप आहे त्याला वाढदिवसापासून ६० दिवस, प्रकृतीची छाननी न होता, समान किंवा कमी लाभाच्या दुसऱ्या योजनेत जाता येते.

मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेल्या आई-वडिलांचा प्रश्न निराळा आहे, आणि माझ्या बहिणीच्या सासूबाईंमुळे तो आमच्या घरातही चर्चेत आला. इथे दहा वर्षे नोकरी केलेली नसेल, स्वतः किंवा जोडीदाराने, तर भाग ए फुकट मिळत नाही. सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाल्यावर तो विकत घेता येतो आणि २०२५ साली त्याचा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता. त्यांचा भाग बी वयाच्या ७४ व्या वर्षी सुरू झाला, तर मेडिगॅपचे सहा महिनेही तेव्हाच सुरू होतात. म्हणून अशा कुटुंबांनी पाचवे वर्ष भरण्याआधीच हिशेब मांडायला बसावे.

भारतभेटीबद्दलही अनेकजण विचारतात. मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे देत नाही. जी आणि एन यांमध्ये परदेशातील तातडीच्या उपचारांची सोय आहे: पहिले २५० डॉलर आपण भरल्यावर ८० टक्के मिळतात, परंतु आजारपण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेले असावे लागते आणि आयुष्यभराची एकूण मर्यादा ५०,००० डॉलर आहे. आम्ही हिवाळ्यात तीन महिने घरी येतो, त्यामुळे तिसऱ्या महिन्यासाठी प्रवास विमा वेगळा घेतो.

पत्नीचा वाढदिवस मार्चमध्ये असतो. २०२५ च्या आरंभी तिच्या कंपनीने हप्ता आमच्या अपेक्षेपेक्षा बराच वाढवला, तेव्हा आम्ही जुनी वही काढली, दुसऱ्या कंपनीच्या प्लॅन जीसाठी वाढदिवसानंतरच्या आठवड्यात अर्ज केला, आणि नव्या विम्याचे मंजुरीपत्र हाती आल्यावरच जुना बंद केला. मधुमेहाचा प्रश्न त्या अर्जात आड आला नाही. माझ्या कंपनीची वाढ माफक होती, म्हणून मी आहे तिथेच राहिलो.