खासगी तळ्याचा मातीचा बांध: आधी सांडवा बघा

मासेमारीसाठी किंवा होडी फिरवायला म्हणून तळं विकत घेणारा पाणी बघतो, काठ बघतो. बांधाच्या कोरड्या बाजूने पायथ्यापर्यंत उतरून बघणारे फार थोडे.

मौजेच्या तळ्यांना एक खास खोड असते: पाणी कायम काठोकाठ हवं आणि मासे निसटायला नकोत. म्हणून सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, फळ्या लावतात, जाळ्या ठोकतात. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण अशाच एका धनिकांच्या क्लबचं, 72 फूट उंच. तळाचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, रस्त्यासाठी माथा खाली घेतला होता आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या. 31 मे 1889 ला पावसात जाळ्यांवर कचरा तुंबला, पाणी माथ्यावरून गेलं. खाली जॉन्सटाउन परिसरात 2,200 हून जास्त माणसं मेली. मातीचा बांध माथ्यावरचा प्रवाह सोसत नाही. कोरड्या उताराची माती धुपत धुपत माथ्यापर्यंत येते. सांडव्यात जाळी नकोच.

दुसरा धोका आतून. झिरपा प्रत्येक मातीच्या बांधाला असतो, तो नितळ आहे आणि वाढत नाही तोवर ठीक. तो मोजायला पायथ्याच्या चरीत 90 अंशांची व्ही-खाच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच पाडलेली आडवी पट्टी, बसवा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी 5 सेंमी उंच असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, 10 सेंमी असेल तर जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. तळ्याची पातळी आणि पाऊस शेजारीच लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

झिरपा गढूळ झाला म्हणजे आतली माती वाहतेय. तिथे चिकणमातीचा बोळा कोंबायचा मोह होतो. तो घातक, कारण कोंडलेलं पाणी दुसरी वाट फोडतं. वर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्या: पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्याआधी मात्र खालच्या वस्तीला फोन करा आणि अभियंत्याला बोलवा. तळं उतरवतानाही घाई नको. एरवी दिवसाला 30 सेंमीच्या आत राहा. पाणी झटकन ओसरलं तर ओला आतला उतार घसरतो. बांध फुटायच्या बेतात असेल तर हा हिशेब अभियंत्याच्या सल्ल्याने मोडावा लागतो.

बांधावर गवत हवं, झाडं नकोत. रोप कोवळं असतानाच काढा. मोठं झाड नुसतं कापलं तर मुळं कुजून आत नळ्या उरतात, त्यामुळे ते खोदून काढून जागा थराथराने ठोकून भरावी लागते. उंदीर-घुशींची बिळंही तशीच.

जबाबदारी जमिनीबरोबर येते. इंग्लंडच्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात (1868) खासगी तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नसूनही भरपाई त्याच्या माथी आली. बांध बुटका आहे हे उत्तर पुरत नाही, कारण धोक्याची वर्गवारी खाली कोण राहतं त्यावर ठरते. वीस वर्षांपूर्वी खाली माळ होता, आज घरं असतील. मालक अनेक असतील तर देखभालीचा निधी आणि झडप फिरवायचा अधिकार कुणाचा, हे करारात लिहून घ्या. आणि व्यवहाराआधी विकणाऱ्याला तळाची झडप उघडून-मिटवून दाखवायला सांगा. ती गंजून अडकलेली असणं फार सर्रास आहे, आणि पाण्याखालची दुरुस्ती महाग पडते.