तुम्ही विचारलेत म्हणून: पॅडल खेळायला पायात काय आणि अंगात काय?

अलिबागच्या आसपास पॅडलची कोर्टे दिसू लागल्यापासून ओळखीची माणसे भेटली की मला हमखास विचारतात, "ताई, या खेळाला वेगळे बूट लागतातच का? आणि कपडे काय घालायचे?" या प्रश्नामागे बहुधा खर्चाची धास्ती असते, कारण मुंबईहून रो-रोने मांडव्याला उतरणारी मंडळी नखशिखान्त नव्या पोशाखात खेळताना दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की हे सगळे घेतल्याशिवाय आत पाऊलच टाकता येणार नाही. माझे उत्तर असे आहे की पैसे बुटांवर खर्च करावेत आणि कपड्यांवर फक्त डोके खर्च करावे, कारण कपडे बहुतेकांच्या कपाटात आधीच असतात, योग्य बूट मात्र सहसा नसतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅडल हा टेनिससारखाच, रॅकेटने जाळ्यावरून चेंडू मारण्याचा खेळ. कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, खेळाडू दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात, आणि मागच्या बाजूला ३ मीटर उंचीची काच असून तिच्यावर आदळून परत आलेला चेंडूही खेळता येतो. खाली कृत्रिम हिरवळ असते आणि तिच्या धाग्यांमध्ये बारीक सिलिका वाळू भरलेली असते. बुटांचा सगळा प्रश्न या वाळूपाशी येऊन थांबतो.

पॅडलमध्ये सरळ रेषेत धावणे फार थोडे असते. दोन पावले आडवी टाकायची, एकदम थांबायचे, चेंडू डोक्यावरून गेला की काचेकडे वळून मागे सरायचे आणि लगेच पुन्हा जाळ्याकडे झेपावायचे, असे सतत चाललेले असते. घरात पडून असलेले सकाळच्या फेरीचे किंवा धावण्याचे बूट इथे चालत नाहीत, कारण ते पुढे जाण्यासाठीच घडवलेले असतात. त्यांची टाच उंच व मऊ आणि वरचे कापड पातळ जाळीचे असते. आडवा भार आला की पाऊल त्या मऊ थरावरून बाहेर कलंडते आणि घोटा मुरगळतो. मी मूळची बॅडमिंटनची असल्यामुळे "मग बॅडमिंटनचे बूट?" हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो. ते सपाट असतात, आडव्या हालचालीला आधारही चांगला देतात, पण त्यांचा रबरी तळ लाकडी जमिनीला किंवा सिंथेटिक मॅटला धरून राहण्यासाठी केलेला असतो. वाळूवर तो पकड सोडतो आणि झिजतोही लवकर. फुटबॉलचे खुंट्यांचे बूट तर मुळीच नकोत. ते हिरवळीत रुततात, पाऊल जागच्या जागी अडकते, शरीर मात्र वळत राहते आणि तो पीळ गुडघ्यावर येतो. टेनिसचे बूट घरात असतील तर खुशाल वापरावेत, आणि त्यातही मातीच्या कोर्टासाठी केलेले असतील तर आणखी चांगले.

दुकानात गेल्यावर रंग पाहण्याआधी बूट उलटा करून त्याचा तळ पाहावा. पॅडलच्या बुटांच्या तळावर बहुधा हेरिंगबोनची नक्षी असते, म्हणजे बांगड्याचा काटा साफ करून ताटात ठेवावा तशा तिरक्या रेघांच्या ओळी. या रेघांमधल्या खाचांत वाळू शिरते आणि पाऊल वळले की झडून जाते, त्यामुळे कोणत्याही दिशेने पाय टाकला तरी पकड मिळते आणि गरज पडेल तेव्हा थोडे घसरताही येते. दुसऱ्या प्रकारात तळभर बारीक उंचवटे असतात. वाळू कमी असलेल्या कोर्टावर ते छान पकड देतात, पण जिथे वाळू भरपूर आहे तिथे मी हेरिंगबोनच घेईन. तळ पाहून झाला की एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने टोक धरून बूट वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्यभागी दुमडता कामा नये. पोतेऱ्यासारखा पिळता येत असेल तर परत ठेवावा. शेवटी टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबावा. तो आत दबला तर आडव्या हालचालीत टाचही जागेवर राहणार नाही.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेल्यांचे पाय चवड्यात रुंद असतात. अशा माणसाने अरुंद बूट "पुढे सैल होईल" या आशेवर घेतला तर करंगळीवर फोड येतो, आणि तो टाळायला एक नंबर मोठा घेतला तर पाऊल आतल्या आत सरकते आणि नखे पुढे आपटून काळी पडतात. त्यामुळे लांबी न वाढवता रुंद पंज्याचा बूट मागावा. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि खेळतानाही ते तसेच होतात. खेळताना जे जाड मोजे घालणार तेच घालून बूट पायात चढवावा, आणि अंगठ्याच्या पुढे बोटाच्या अर्ध्या रुंदीइतकी जागा उरते का ते पाहावे. घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकातून नाडी ओवली की टाच पक्की बसते. ते भोक शोभेसाठी नसते, तरीही बहुतेकांच्या बुटात ते रिकामेच दिसते.

एवढे पाहून घेतलेला बूट घालून कोर्टापर्यंत चालत जाणे हा मात्र शुद्ध उधळेपणा आहे. आपल्या वाड्यांमधल्या वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या. ती माती खाचांत भरून बसते, वाळूसारखी झडत नाही, आणि जी पकड मिळावी म्हणून आपण पैसे मोजले तीच बुजून जाते. शिवाय हिरवळीत माती साचत गेली की वाळू घट्ट होते आणि सगळ्यांसाठीच कोर्ट निसरडे बनते. कोर्टापर्यंत चपला घालून जावे, बूट पिशवीतून न्यावेत आणि दाराशी बसून घालावेत. आमच्याकडे काही जणांना हा नखरा वाटतो, पण देवळाच्या पायरीशी चपला काढताना कोणी तसे म्हणत नाही.

आता कपडे. १९६९ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे एनरिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात हा खेळ सुरू केला, आणि ते गावही उष्ण व समुद्रकाठचेच आहे, म्हणजे घाम या खेळाला जन्मापासून ओळखीचा आहे. पॉलिएस्टरच्या खेळाच्या टी-शर्टवर "घाम लगेच वाळतो" असे लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण अशी कापडे घाम अंगावरून ओढून पृष्ठभागावर आणतात, आणि पुढे तो वाळवण्याचे काम हवेचे असते. आपली हवा मे महिन्यात स्वतःच इतकी ओली असते की ती आणखी काही घ्यायला तयार नसते. त्यामुळे अंगाला चिकटून बसणारा महागडा टी-शर्ट इथे फारसा उपयोगी पडत नाही. हलका, सैल, खांद्यात मोकळा टी-शर्ट घ्यावा, म्हणजे अंग आणि कापड यांच्यामध्ये थोडी हवा खेळेल, आणि तसाच दुसरा पिशवीत ठेवावा. सेट संपला की बदलावा. सुती बनियन किंवा सुती टी-शर्ट घाम पिऊन जड होतो आणि स्मॅश मारताना पाठीला धरून ठेवतो, म्हणून तो घरीच बरा.

वाऱ्याचाही विचार करावा. बाजूच्या भिंतींना दोन्ही टोकांशी चार-चार मीटरच काच असते आणि मधला भाग तारेच्या जाळीचा असतो. कोर्ट दक्षिणोत्तर बांधलेले असेल तर दुपारनंतरचा खारा वारा जाळ्यापाशी उभ्या असलेल्यांना मिळतो आणि मागे काचेच्या कोपऱ्यात खेळणारा घामाघूम होतो. अशा कोपऱ्यात सारखे खेळावे लागणाऱ्याने मनगटावर घामपट्टी बांधावीच, नाहीतर घाम ओघळून रॅकेटच्या मुठीवर येतो. रॅकेटची दोरी मनगटात अडकवणे नियमानेच बंधनकारक आहे, आणि मूठ निसटते तेव्हा ती का बंधनकारक आहे हे जोडीदाराला चांगले कळते.

बायका मला बाजूला घेऊन विचारतात की स्कर्ट घालावाच लागतो का. अजिबात नाही. लेगिंग्ज आणि कंबरेखाली थोडासा येणारा टी-शर्ट यांत उत्तम खेळता येते. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता मात्र टाळावा, कारण जाळ्यापाशी खाली वाकून चेंडू उचलताना त्याचा घेर रॅकेटला आडवा येतो. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात, आणि मंगळसूत्र काढायचे नसेल तर टी-शर्टच्या आत घेऊन पिनेने पक्के करावे. पुरुष काय, बायका काय, खिसा मात्र हवाच. सर्व्हिसला दोन संधी मिळतात आणि दुसरा चेंडू कुठेतरी ठेवावा लागतो. खिसा नसलेली ट्रॅक पँट घालून आलेला माणूस प्रत्येक गुणाला जोडीदाराकडे चेंडू मागत बसतो.

लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच मारलेला चेंडू, परतवताना मावळतीचे ऊन डोळ्यांत येते, तेवढ्यासाठी टोपी पुरते. चष्मा असेल तर मागून दोरी बांधावी आणि काचा पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, घ्याव्यात, कारण चेंडू फार जवळून येतो.

पावसाळ्यात छप्पर असलेल्या कोर्टावरच खेळता येते, कारण ओल्या काचेवरून चेंडू नीट उसळत नाही, नुसता घसरतो. खेळून आल्यावर बुटांतली सुटी गादी बाहेर काढावी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटतो. कपडे पिशवीत कोंबून रात्रभर ठेवू नयेत, आणि ते धुताना कापड मऊ करणारे सुगंधी द्रव्य वापरू नये, कारण त्याने घाम ओढण्याची कापडाची क्षमता कमी होते.

ज्यांच्याकडे उघडेच कोर्ट आहे त्यांचे बूट चार महिने खोक्यात पडून राहतात. काही बुटांचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ प्लास्टिकचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही हळूहळू विघटित होतो, म्हणून "जपून ठेवलेले" बूट कधीकधी पहिल्याच खेळात तळापासून सुटतात. ते खोक्यात न ठेवता हवेशीर फळीवर ठेवावेत, आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा काढले की आधी तळाच्या वरच्या त्या मधल्या थरावर कडेकडेने अंगठा दाबून पाहावा. भुगा हाताला लागला तर ते बूट घेऊन कोर्टावर जाऊ नये.