आमची वाटचाल: तीन गाड्या आणि पहिल्या इंजिन स्वॅपची निवड

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवावे, पण चालवणाऱ्याला ती गाडी कारखान्यातूनच तशी आली असावी असे वाटावे, या एका कामासाठी आमचे वर्कशॉप ओळखले जावे, अशी आमची सुरुवातीपासूनची इच्छा होती. काही काळ नेहमीच्या दुरुस्तीच्या कामांवर व्यवसाय उभा राहिला आणि मग इंजिन स्वॅपची तीन कामे जवळपास एकाच सुमारास आली: बीएमडब्ल्यू ई३० मध्ये बीएमडब्ल्यूचेच नंतरचे एम५० इंजिन, माझदा एमएक्स-५ मध्ये होंडाचे के२४ आणि डॅटसन २४०झेडमध्ये जनरल मोटर्सचे एलएस१. लिफ्ट एकच होती, त्यामुळे सुरुवात कोणत्या गाडीने करायची हे ठरवणे भागच होते.

आमच्या मेकॅनिकांचे मन डॅटसनवर होते आणि त्यांचा उत्साह मला पूर्णपणे समजत होता. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून आलेले एलएस१ हे ५.७ लिटरचे, अॅल्युमिनियम ब्लॉकचे व्ही८ इंजिन आहे. त्याचा एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये बसलेला असल्यामुळे ते या क्षमतेच्या मानाने आटोपशीर आहे आणि २४०झेडच्या लांब बॉनेटखाली ते मावते. मात्र इंजिन मावणे आणि गाडी पूर्ण होणे यांत फार मोठे अंतर असते. मूळ २.४ लिटरच्या इंजिनापेक्षा दुपटीहून अधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) मागच्या चाकांकडे जाणार म्हटल्यावर गिअरबॉक्स, आर१८० डिफरेन्शिअल (मागच्या दोन्ही चाकांत शक्ती वाटणारा गिअरसंच), त्यातून चाकांकडे जाणारे हाफशाफ्ट, मागचे ड्रम ब्रेक आणि रेडिएटर या सगळ्यांचाच नव्याने विचार करावा लागतो. कार्ब्युरेटरला अगदी थोड्या दाबाचे पेट्रोल पुरते, तर एलएस१च्या इंजेक्टरना सुमारे ५८ पीएसआय दाब लागतो, म्हणजे पंप आणि पाइपही बदलणे आले. त्यातच या गाडीच्या खालच्या फ्रेम रेल गंजलेल्या होत्या, आणि गंजलेल्या सांगाड्यावर इंजिनाचे माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार) वेल्ड करायला माझी मुळीच तयारी नव्हती.

एमएक्स-५ चे काम तुलनेने सुबक होते. होंडाची बी-मालिकेतील इंजिने इतर बहुतेक इंजिनांच्या उलट दिशेने फिरतात, के-मालिकेतील फिरत नाहीत; म्हणूनच के२४ ला मागच्या चाकांना शक्ती देणारा गिअरबॉक्स जोडता येतो. तरीही हे इंजिन मुळात गाडीत आडवे बसण्यासाठी घडवलेले आहे, त्यामुळे इंजिन व गिअरबॉक्स जोडणारी अॅडॅप्टर प्लेट, वेगळा सम्प (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) आणि नवे माउंट हे सारे बाहेरून मागवणे आवश्यक होते. शिवाय ती गाडी चालू स्थितीत होती आणि तिचे मालक ती रोज वापरत होते. चालती गाडी उघडायची तर शेवटचा भाग फळीवर येऊन पडल्याशिवाय तिचा एकही बोल्ट सैल करायचा नाही, हा नियम आम्ही तेव्हाच ठरवला आणि तो आजही मोडलेला नाही.

ई३० ची स्थिती नेमकी उलट होती. तिच्या मूळ एम२० इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले होते, म्हणजे ती आधीच उभी होती. आणि एम५० साठी आमच्या हाती सुटे इंजिन नव्हे, तर ते बसलेली संपूर्ण ई३६, म्हणजे ई३० नंतरच्या पिढीची बीएमडब्ल्यू गाडी होती. अर्धवट मिळालेल्या इंजिनामागे लहानसहान ब्रॅकेट आणि सेन्सर शोधण्यात जो वेळ जातो, तो फिटिंगच्या वेळेपेक्षा जास्त असतो, असे माझे ठाम मत आहे. डोनर गाडी (जिच्यातून इंजिन घ्यायचे ती) पूर्ण असल्यामुळे इंजिन बाहेर काढण्याआधी तिच्यातच चालवून पाहता आले, सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजता आले आणि गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक) व वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) एकमेकांशी जुळलेले मिळाले. ती ई३६ इमोबिलायझर (चावीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) येण्यापूर्वीच्या काळातली असल्याने चावीच्या चिपचा प्रश्नही नव्हता.

म्हणून सुरुवात ई३० नेच केली. अडचणी होत्या, पण त्या सगळ्या माहीत असलेल्या होत्या. ई३६ चा सम्प ई३० ला चालत नाही, म्हणून ई३४ या दुसऱ्या बीएमडब्ल्यूचा सम्प, त्याचा ऑइल पिकअप (तेल खेचणारी नळी) आणि डिपस्टिक मिळवावी लागली. इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड ब्रेक बूस्टरला (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या भागाला) अडतो, म्हणून लहान बूस्टर बसवला. गिअरबॉक्समधून मागे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी नव्या गिअरबॉक्सनुसार जुळवून घेतली. इंजिन स्टँडवर असतानाच क्लच, मागचे ऑइल सील, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलले. वायरिंगसाठी मात्र आम्ही मुद्दाम सर्वाधिक वेळ राखून ठेवला: ई३० चा वीस पिनांचा गोल कनेक्टर आणि नवा हार्नेस यांच्यामध्ये एक छोटा जोड-हार्नेस तयार केला, प्रत्येक तार आकृतीवर तपासली आणि मगच बॅटरी जोडली.

ही गाडी बाहेर पडेपर्यंत एमएक्स-५ चे सर्व भाग येऊन पोहोचले होते, आणि डॅटसनच्या फ्रेम रेलचे वेल्डिंग लिफ्टची गरज नसल्याने कोपऱ्यात समांतर चालू राहिले होते. एमएक्स-५ आता तिच्या मालकांकडे परत गेली आहे. डॅटसनमध्ये सध्या रिकामा एलएस ब्लॉक ठेवून माउंटची जागा ठरवणे सुरू आहे. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आल्यावरच माउंट पक्के वेल्ड होतील, आणि मागचे नवे डिफरेन्शिअल बसल्याशिवाय खरे इंजिन त्यात उतरवले जाणार नाही.